कारणाचा रकाना: ऑफिस पार्टीच्या एका एपिसोडचं प्रकरण

पार्श्वभूमी

ऑफिसात घडणाऱ्या एका विनोदी मालिकेच्या नवव्या भागाचं हे प्रकरण. पहिला सीझन 13 भागांचा होता, प्रत्येक भाग 22 मिनिटांचा. लेखक पाच, आणि त्या पाचांनी लिहिलेलं एकाच हातचं वाटेल इथवर आणायचं काम माझ्याकडे. मालिकेचं, वाहिनीचं, माणसांचं नाव मुद्दाम घेत नाही. पात्रंही हुद्द्यानेच ओळखू: टीम लीड, त्याच्या टीममधली ॲनालिस्ट, एचआरच्या बाई, हिशेबनीस आणि निवृत्तीला आलेले ज्येष्ठ सहकारी.

लीड आणि ॲनालिस्ट यांच्यात काहीतरी शिजतंय हे आठ भाग आम्ही अगदी मंद आचेवर ठेवलं होतं. ती रोज न विचारता त्याच्या टेबलावरचा स्टेपलर उचलून नेते आणि तो दर सोमवारी स्टोअरमधून नवा मागवतो, एवढंच. आठव्या भागापर्यंत तिच्या ड्रॉवरमध्ये सहा स्टेपलर झाले होते. लोकांना ते आवडलं होतं, त्यामुळे 'आता पुढे काय' हा प्रश्न वाहिनीकडून येणं ठरलेलंच होतं.

नवव्या भागात ज्येष्ठ सहकाऱ्यांची निरोपाची पार्टी होती. लेखकाला पार्टी फार सोयीची पडते. एरवी ऑफिसातलं पात्र आपापल्या टेबलाला बांधलेलं असतं, त्याला दुसऱ्या पात्रापाशी न्यायचं तर फाइल, फोन, मीटिंग असं काहीतरी निमित्त शोधावं लागतं. पार्टीत सगळे एका खोलीत येतात, हुद्दे थोडे सैल होतात, आणि केक कापला जाईपर्यंत कुणाला निघता येत नाही. शिवाय सेट तोच, त्यामुळे निर्मातेही खूश.

वनलाइन, म्हणजे भागाचा थोडक्यात आराखडा, अशी मंजूर झाली होती: निरोपाची भाषणं चालू असताना लीड माइक हातात घेतो, ज्येष्ठांबद्दल बोलता बोलता घसरतो आणि भर पार्टीत ॲनालिस्टला मनातलं सांगून टाकतो. सगळे टाळ्या वाजवतात. तिच्या चेहऱ्यावर भाग संपतो.

अडचण

सगळे नट टेबलाभोवती बसून पटकथा वाचतात ते वाचन गुरुवारी झालं, चित्रीकरण सोमवारी लागलेलं. पहिल्या 15 पानांवर टेबल हसत होतं. माइकचा सीन आला आणि हसू थांबलं. थांबावं अशीच अपेक्षा होती, तो भावुक सीन होता. पण जी शांतता पसरली ती भावुक नव्हती. एकदोघांनी पाण्याच्या बाटल्या उघडल्या.

वाचन संपल्यावर ॲनालिस्टचं काम करणारी अभिनेत्री म्हणाली, "दादा, एक विचारू? ती नाही म्हणाली, तर मंगळवारी तिची रजा मंजूर कोण करणार?"

उत्तर आमच्याच तिसऱ्या भागात होतं. तिथे तिच्या रजेच्या अर्जावर लीडने सही न केल्यामुळे झालेल्या गोंधळावर आम्ही अर्धा भाग हसवलं होतं. ती त्याला रिपोर्ट करते. तिचं मूल्यमापन तोच लिहितो. असा माणूस 17 सहकाऱ्यांसमोर, माइकवरून तिला विचारतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. तिला 'हो' म्हणायला वाट आहे, 'नाही' म्हणायला नाही. आम्ही ज्याला ओढ म्हणत होतो ती तिच्या जागी उभं राहिलं की कोंडी होती.

पाच लेखक, दिग्दर्शक आणि मी, यांच्यापैकी कुणाच्याच हे लक्षात कसं आलं नाही? यावर मी बराच विचार केला आहे. माझं उत्तर असं की आम्ही एका नावाजलेल्या नमुन्याकडे बघून लिहीत होतो आणि त्या नमुन्याचा पायाच आम्ही नीट पाहिला नव्हता. 'द ऑफिस' या मूळ ब्रिटिश मालिकेत 2002 साली दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात टिम डॉनला मनातलं सांगायला जातो, तेव्हा कपड्याला लावलेला माइक काढून टाकतो. प्रेक्षकाला काचेपलीकडची दोन माणसं दिसतात, शब्द एकही ऐकू येत नाही. अमेरिकी आवृत्तीत मे 2006 मध्ये जिम पॅमला सांगतो तेही पार्टीतून बाहेर पडून, गाड्या लावायच्या जागेत. दोन्हीकडे तो विक्री विभागातला आणि ती रिसेप्शनवर. कुणी कुणाचा साहेब नाही. अडथळा आहे तो तिच्या ठरलेल्या लग्नाचा. आम्ही ऑफिस उचललं, पार्टी उचलली, अबोल प्रेम उचललं. माइक मात्र त्यांनी काढला होता आणि आम्ही हातात दिला, तोही साहेबाच्या.

समोर असलेले पर्याय

गुरुवारी रात्री पाच वाटा फळ्यावर लिहिल्या गेल्या. दोन तर लिहितानाच पुसल्या: सीन आहे तसा ठेवून वर विनोदाचा मुलामा द्यायचा, किंवा कबुली तिच्या तोंडी घालायची. विनोदाने कोंडी झाकली जाते, सुटत नाही. आणि कबुली तिने द्यायची तर आठ भागांत तिचं मन त्या दिशेने कुठेच लिहिलेलं नव्हतं, सहा स्टेपलर सोडले तर.

तिसरी वाट दिग्दर्शकाची: हेच बोलणं गच्चीवर, दोघांतच होऊ द्यावं. टाळ्या जातील, दबाव कमी होईल. हे पटण्यासारखं होतं आणि मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण बघे गेले तरी रजेचा अर्ज तिथेच होता. उलट साहेब हाताखालच्या मुलीला एकटीला गच्चीवर नेतो हे कागदावर वाचलं तेव्हा ते पहिल्यापेक्षा वाईट वाटलं.

चौथी वाट वाहिनीच्या प्रतिनिधीची: काहीच घडू देऊ नका, पुढच्या सीझनपर्यंत ताणा. त्यांचा आवडता दाखला 'मूनलायटिंग' या अमेरिकी मालिकेचा होता. 1987 मध्ये त्यातली जोडी एकत्र आली आणि मालिका उतरणीला लागली, असं या धंद्यात सर्रास सांगतात. हा दाखला अर्धवट आहे. त्याच सुमारास नायिका गरोदर होती, नायक चित्रपटांत गुंतला होता, 1988 मध्ये लेखकांचा संप झाला आणि दोघं पडद्यावर एकत्र दिसणंच कमी झालं. याउलट जिम आणि पॅम 2007 मध्ये एकत्र आले आणि ती मालिका 2013 पर्यंत चालली. मी हे मांडलं. प्रतिनिधी म्हणाले, "ते सगळं ठीक, पण प्रोमोत काय दाखवू?" या प्रश्नाकडे तेव्हा आम्ही दुर्लक्ष केलं. ते पुढे महागात पडलं.

पाचवी वाट आमच्यातल्या सर्वांत धाकट्या लेखिकेची. ती म्हणाली, बऱ्याच कंपन्यांत नियम असतो: वरिष्ठ आणि हाताखालचं माणूस यांच्यात नातं असेल तर ते कळवायचं आणि रिपोर्टिंग बदलून घ्यायचं. मग लीडने आधी तेच करावं. बोलण्याआधी अर्ज. प्रेमपत्र लिहायच्या ऐवजी एचआरचा फॉर्म भरावा.

खोलीत त्या रात्रीचं पहिलं खरं हसू तेव्हा आलं.

निर्णय, आणि त्यातली दुरुस्ती

पहिल्या मसुद्यात लीडने ॲनालिस्टला दुसऱ्या टीममध्ये हलवण्यासाठी अर्ज केला होता. शुक्रवारी सकाळी तो मसुदा वाचून त्याच लेखिकेने हरकत घेतली: हा तिच्या कामाचा निर्णय पुन्हा तिला न विचारताच घेतोय. हेतू चांगला, पण हलवली जातेय तीच. आम्ही तासभर वाद घातला. एकाचं म्हणणं, इतकं कोण बघतं. पण आदल्या दिवशीही कुणी बघितलं नव्हतंच.

बदल एका शब्दाचा होता. अर्ज तिच्या बदलीचा नव्हे, त्याच्या स्वतःच्या. तो आपली टीम सोडून रात्रपाळीच्या लहान टीमचा लीड व्हायला मागतो. फॉर्मवर 'कारण' नावाचा रकाना आहे आणि तो त्याने रिकामा ठेवलाय.

एवढ्याने पार्टीची सगळी यंत्रणा आपोआप फिरू लागली. केक कापायला सुरी सापडत नाही म्हणून ॲनालिस्ट एचआरच्या ड्रॉवरमध्ये हात घालते आणि तिला तो फॉर्म दिसतो. तिला वाटतं, हा आपल्याला कंटाळून पळतोय. एचआरच्या बाईंना खरं कारण ठाऊक आहे, लीडने तोंडी सांगितलंय, पण गोपनीयतेमुळे त्यांना बोलता येत नाही. ऑफिसातली एकही गोष्ट कधी पोटात न राहिलेल्या या बाई भागभर फुटायच्या बेतात. ॲनालिस्ट पार्टीभर लीडशी तुटक वागते. त्याला कळत नाही काय बिघडलं. एकाच्या निरोपाच्या पार्टीत दुसरा गुपचूप निरोप चालला आहे, आणि तो त्याच्याशिवाय फक्त तिला आणि एचआरच्या बाईंना माहीत आहे.

शेवटचा सीन कागदी ताटल्या गोळा करताना. ती फॉर्म त्याच्यासमोर धरते.

"कारण का नाही लिहिलं?"

"रकाना छोटा होता."

बस. संवाद लिहिणाऱ्याने याच्यापुढे आणखी चार ओळी लिहिल्या होत्या, चांगल्या होत्या, मी कापल्या. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

सेटवर

पार्टीचा सीन कागदावर जितका सोपा दिसतो तितकाच चित्रीकरणात छळतो, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात. पार्टीत गाणं वाजत असतं, पण टेक चालू असताना गाणं वाजवता येत नाही, नाहीतर संवादावर चढलेलं संगीत नंतर कापता येत नाही. म्हणून सुरुवातीला काही सेकंद गाणं लावून ठेका पकडू द्यायचा, मग बंद. पुढे सगळे निःशब्द शांततेत नाचतात, पायही जपून टाकतात, आणि बोलणारी दोन पात्रं मात्र नसलेल्या संगीतावर आवाज चढवून बोलतात. पहिल्या टेकला हिशेबनीसाचं काम करणारा नट त्या शांततेत एकटाच नाचताना स्वतःला पाहून इतका हसला की युनिटला दहा मिनिटं थांबावं लागलं.

केक एकसारखे तीन आणले होते. दुसरा मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळी खोली एकत्र दिसते त्या शॉटमध्ये संपला, तिसऱ्यावर क्लोज. प्रत्येक पेल्यावर कंटिन्यूइटीवाल्या, म्हणजे एका शॉटचे तपशील दुसऱ्याशी जुळतायत ना हे बघणाऱ्या मुलीने आतल्या बाजूने पेन्सिलीची बारीक रेघ मारली होती, सरबत तिथवरच भरायचं. ती रेघ ज्येष्ठांच्या पेल्यावर पुसली गेली, त्यामुळे अंतिम भागात त्यांचा पेला भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो.

इथे एक निर्णय दिग्दर्शकाचा, आणि तो माझ्या मते या भागातला सर्वांत चांगला. 'रकाना छोटा होता' यानंतर पटकथेत 'ती हसते' असं होतं. त्यांनी अभिनेत्रीला सांगितलं, हसू नकोस, उरलेल्या ताटल्या उचल. तिने उचलल्या. तो मदतीला आला. सुमारे 40 सेकंद दोघं काहीही न बोलता टेबल आवरतात. मग ती पर्समधून एक स्टेपलर काढून त्याच्या टेबलावर ठेवते. स्टेपलरची कल्पना तिचीच, टेकच्या आधी दोन मिनिटं सुचलेली. कला विभागाची धावपळ झाली कारण सहाच्या सहा स्टेपलर गोदामात परत गेले होते. पडद्यावर दिसतो तो निर्मिती विभागाच्या टेबलावरचा आहे, रंगही वेगळा आहे.

परिणाम

भाग चांगला गेला. शेवटच्या 40 सेकंदांबद्दल लोक बोलले.

पण प्रोमो. मागे सोडून दिलेला प्रश्न इथे उगवला. वाहिनीच्या प्रोमो विभागाकडे वनलाइन जुनीच होती आणि तालमीत चित्रित केलेला, लीडने माइक हातात घेतल्याचा एक शॉटही होता. त्यांनी तो शॉट, तिचा चकित चेहरा आणि टाळ्या असं जोडून 'या शुक्रवारी तो सगळ्यांसमोर सांगणार' असा प्रोमो चार दिवस चालवला. भागात यातलं काहीच नव्हतं. ज्यांनी ती कबुली पाहायला भाग लावला त्यांना फसवल्यासारखं वाटलं आणि त्यांचा राग रास्त होता. एवढी धडपड करून जो सीन आम्ही काढला, तोच सर्वांत जास्त वेळा दाखवला गेला. चूक प्रोमो विभागाची म्हणता येणार नाही. बदललेली वनलाइन त्यांना पाठवायची जबाबदारी माझी होती आणि मी ती सोमवारच्या गडबडीत पाठवली नाही.

दुसरा परिणाम पुढच्या भागांवर. दहावा आणि अकरावा भाग 'सगळ्यांना कळलंय' या गृहीतावर लिहून तयार होते. नव्या शेवटानंतर फक्त एचआरच्या बाईंना माहीत होतं. दोन्ही भाग पुन्हा लिहावे लागले, हिशेबनीसाचं एक छान उपकथानक त्यात बळी पडलं. लीड रात्रपाळीला गेल्यामुळे दोघं एका फ्रेममध्ये यायचीच पंचाईत झाली. शेवटी सकाळी ती येते आणि तो निघतो, त्या पाच मिनिटांच्या फटीत त्यांचे सगळे सीन बसवले. अडचण म्हणून सुरू झालेली ही गोष्ट पुढे मालिकेची ओळख झाली, पण ते ठरवून केलं असं मी सांगितलं तर खोटं ठरेल.

आज करायचं झालं तर

पहिली गोष्ट, कोण कुणाला रिपोर्ट करतं याचा तक्ता मी पहिल्या भागाच्या आधी भिंतीवर लावेन. ऑफिसची मालिका लिहिणाऱ्यांकडे पात्रांचे वाढदिवस, सवयी, भांडणं यांच्या याद्या असतात, हा तक्ता क्वचित असतो. आमच्याकडे नव्हता. तिसऱ्या भागातला रजेचा विनोद नसता तर त्या गुरुवारी अभिनेत्रीलाही तो प्रश्न सुचला नसता.

दुसरी, वाचन इतक्या उशिरा ठेवणार नाही. सोमवारच्या चित्रीकरणासाठी गुरुवारी वाचन म्हणजे अडचण सापडली तरी दुरुस्तीला चार रात्री. आम्ही तरलो कारण पाचवी वाट सुचली. सुचली नसती तर आम्ही गच्चीवर गेलो असतो, मी स्वतः तिकडेच झुकलो होतो.

अर्जाच्या कल्पनेबद्दलही एक शंका उरते. लीडने स्वतःची बदली मागून मोकळीक तिला दिली हे खरं, पण तिला ते कळलं चोरून उघडलेल्या ड्रॉवरमधून. तिने ऐकावं असं काही त्याला वाटतंय का, हे तिने कधी विचारलेलं नव्हतं. आमच्यातल्या एकीला आजही वाटतं की फॉर्म तिला सापडायलाच नको होता, अर्ज मंजूर होऊन महिना उलटल्यावर त्याने साधं कॉफीला विचारायला हवं होतं. त्यात पार्टी उरत नाही, भाग उरत नाही. तरी तिचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

आणि ज्येष्ठ सहकारी. पार्टी त्यांची होती. जुन्या मसुद्यात त्यांचं दीड पानाचं भाषण होतं: पहिल्या दिवशी मिळालेली खुर्ची आणि तिचं एकच न फिरणारं चाक. नव्या मसुद्यात जागा हवी म्हणून ते भाषण दोन वाक्यांवर आलं. तेही पाठमोरं, कारण कॅमेरा ड्रॉवर उघडणाऱ्या हातावर होता. ते काम करणारे नट आठ भाग त्या भाषणाची वाट पाहत होते. त्यांनी तक्रार केली नाही. मी शुक्रवारीच फोन करून सांगायला हवं होतं. त्यांना कळलं ते सोमवारी मेकअपच्या खुर्चीत, नवी पानं हातात आली तेव्हा.

पॅकअपनंतर त्यांनी कला विभागाकडून निरोपाचं ते मोठं कार्ड मागून घेतलं. सीनमध्ये ते टेबलावर बंदच पडून होतं, उघडायचा शॉट आम्ही घेतलाच नाही. आतमध्ये मात्र कला विभागाच्या मुलांनी प्रत्येक पात्राच्या नावाने, त्याच्या त्याच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या होत्या. हिशेबनीसाने 'येणे बाकी: आपण' असं लिहिलं होतं. एचआरच्या बाईंचा मजकूर मागच्या पानावर गेला होता. लीडच्या नावापुढे काहीच नव्हतं. त्याला त्या पार्टीत कार्डापाशी जायला आम्ही सीनच दिला नव्हता.

नटसाहेबांनी पेन मागितलं आणि ते कार्ड घेऊन लीडचं काम करणाऱ्या मुलाच्या मेकअप रूमचं दार वाजवलं.